अर्धा तिसरा

खालच्या मजल्यावरची गुनवोर म्हणाली,
गुरुवारी कॉफीला ये, हाल्व त्रे.
हाल्व म्हणजे अर्धा, त्रे म्हणजे तीन,
एवढं तर वर्गाच्या दुसऱ्याच आठवड्यात शिकलेले.
साडेतीन. डोक्यात टाचून ठेवलं.
आणि साडेतीनला, मिनिटभर इकडे नाही की तिकडे,
हायसिंथची कुंडी घेऊन मी तिच्या दारात.

मेणबत्ती बुडाशी आलेली.
वेलदोड्याचे पाव फडक्याखाली निजवलेले.
ती काही बोलली नाही.
बोलली असती तर बरं झालं असतं.

बाहेर केव्हाच अंधार. डिसेंबरात ओस्टरसुंदला
सूर्य हजेरी लावतो
आणि डबा न खाताच घरी जातो.
वरातीमागून घोडं,
हे हिला कुठल्या भाषेत सांगू?

मग तिने फळीवरून राईचा कडक पाव काढला,
भाकरीएवढा गोल, मधोमध भोक.
लोण्याची लाकडी सुरी, तो मिनिटकाटा.
आगकाडी, तो तासकाटा.
बघ, म्हणाली, दोन वाजून गेले,
तिसरा तास सुरू. तो अर्धा भरला.
अर्धा तीन.
सुरी जराशी मागे: फेम ई हाल्व त्रे,
अर्ध्या तिनाला पाच कमी.
जराशी पुढे: अर्ध्या तिनावर पाच.
मी कवळ्या बनवते, माझं काम
मिलिमीटरच्या दशांशाचं,
तरी त्या पावावर मला गरगरलं.
माझीही नववी दहाई आता अर्धी झाली, ती म्हणाली,
आणि बारा ते तीन मोडून
स्वतःच्या दातांनी खाल्ले.

सहा नंबरच्या बसवर असरत असतो, गोंदरचा.
त्याला सांगितलं तर स्टिअरिंगवर डोकं टेकून हसला.
त्याच्याकडे दिवस उगवतो तिथून मोजतात,
सकाळी सात म्हणजे एक.
आईला फोन करताना अजून सहा वजा करतो.
मग इथे?
इथे सूर्याच्या भरवशावर बस सोडली, तो म्हणाला,
तर माणसं स्टॉपवर गोठतील.

रविवारी तळघरात धुलाईची माझी पाळी.
मशीन गरगरत होतं, मी आकडे पुटपुटत होते
आणि मध्येच आठवली दुसरीतली मी,
साडेदोन म्हणाले होते फळ्यासमोर.
अख्खा वर्ग फिस्सकन हसला.
साडेदोन नसतं गं, अडीच असतं.
का, बाई?
असतं तसं. बस खाली.

ओल्या हातांनीच फोनवर शब्दकोश उघडला.
अडीच: अर्धतृतीय.
अर्धा तिसरा.
दोन पुरे झाले, तिसरा अर्धा आला.
गुनवोर, अगं,
हे घड्याळ माझ्या तोंडातच होतं की,
बसवलेलं नव्हे, मुळासकट,
आतल्या दाढेसारखं. जीभ रोज घासून जायची,
कधी मोजलं नाही.

(दीड आणि अडीचनंतर मात्र आम्हीही दमलो.
तिथून पुढे साडे लावून मोकळे.
हे लोक बारापर्यंत तग धरून आहेत.)

पुढच्या गुरुवारी लवकरच निघाले,
एक मजला उतरायचा, तरी.
आतून कपबशांचा आवाज, कॉफीचा वास.
इथे लवकर येणं म्हणजेही वेळ चुकणंच,
म्हणून पायरीवर बसले, कुंडीशिवाय.
पावणे, आमच्याकडे हा शब्द
पाव कमी असला तरी लावतात
आणि दारात माणूस आलं तरी.
जिन्यातला दिवा ठरल्यासारखा विझला.
बटण दाबलं नाही.
अर्ध्या तिनाला पाच कमी.
चार.
आत तिने काडी ओढल्याचं ऐकू आलं.