शेवटची बस तीन चाळीसला

ऑगस्टचा तिसरा सोमवार. सभा ग्रंथालयात,
कारण जिमच्या फरशीला नुकतंच पॉलिश केलंय
आणि तिच्यावर अजून कुणी पाय ठेवायचा नाही.
बसलोय पहिलीच्या मुलांच्या खुर्च्यांवर, गुडघे छातीशी,
मंडळाचे सात जण, मागे चार पालक,
आणि ब्रेकचं बिल घेऊन आलेला बसवाला लव्हर्न.
मी इतिवृत्त लिहिते. एकोणीस वर्षं लिहितेय.
आमच्या शाळांच्या हद्दीत तीन गावं,
एक साखर कारखाना,
उरलेलं सगळं बीट, नजर पोचेल तिथवर सपाट.

मार्लिस एंगेब्रेट्सन पडद्यावर वर्षाची उद्दिष्टं दाखवतात.
वाचन. गणित. हजेरी.
चौथं यंदा नवं, म्हणून निळ्या अक्षरांत:
शंभरातल्या नव्वद मुलांनी
शाळा सुटल्यावर कशात तरी असावं.
बँड, व्हॉलीबॉल, वादविवाद, काहीही.
'कशात तरी' मी जसंच्या तसं उतरवलं.
सगळ्यांनी माना डोलावल्या.
नव्वद आकडाच असा गुणी,
त्याला नाही म्हणायचं कुणाच्या जिवावर येतं.

टेबलाच्या टोकाला यंदा एक जास्तीची खुर्ची.
विद्यार्थी प्रतिनिधी: बोलू शकते, मत नाही.
येसेनिया बारेला, अकरावी.
पेन विसरली होती, मी माझं दिलं.
"एक विचारू?"
"विचार की," मार्लिस तोंडभर हसल्या.
"शेवटची बस किती वाजता सुटते?"

उत्तर सगळ्यांना पाठ होतं,
म्हणून कुणीच दिलं नाही.
शेवटी मागून लव्हर्न म्हणाला, तीन चाळीस.
"आणि बँडचा सराव?"
पावणेचार.

पाच मिनिटं.
एकोणीस वर्षं मी या दोन्ही वेळा
एकाच पानावर टाइप करतेय,
एक डाव्या रकान्यात, एक उजव्या,
आणि मधली रेघही माझीच.

"कारखान्यापलीकडच्या रस्त्यावर आम्ही अकरा जण," ती म्हणाली.
"घरोघरी गाडी एकच, ती शिफ्टला जाते.
आम्ही कशातच नसतो असं नाही.
आम्ही बसमध्ये असतो."

खजिनदार केर्मिट सोलबर्ग यांनी चष्मा पुसला.
डिझेल म्हणाले. विमा म्हणाले.
मग पुन्हा डिझेल.
लव्हर्न टोपी हातात घेऊन उठला,
सहाला एक फेरी मारीन म्हणाला,
तसाही त्या वेळी टीव्हीपुढे पेंगत असतो.
"फक्त ऑक्टोबरात नाही. ऑक्टोबरात मी बीटच्या ट्रकवर."
बीटपुढे आमच्याकडे कुणाचं काही चालत नाही,
ख्रिसमसनंतर तेच.

विषय सप्टेंबरच्या सभेकडे.
मी लिहिलं: चर्चा झाली.
झाडू मारल्यासारखे हे दोन शब्द,
कचरा गालिच्याखाली, खोली स्वच्छ.
उद्दिष्टं मात्र एकमतानं मंजूर, निळ्यासकट.

साडेनऊला दिवे घालवताना ती पायरीवर दिसली,
फोनकडे बघत.
ही घरी कशी जाणार,
नव्वद टक्क्यांच्या आम्हा माणसांपैकी
एकानंही विचारलं नव्हतं. मीही नाही.

गाडीत फार बोलली नाही.
कारखाना मागे पडला, डांबर संपलं,
दिव्यांच्या उजेडात एकेक टपालपेटी येऊ लागली
तशी ती सांगू लागली, मी न विचारता:
"इथे दोघं. धाकटा बुद्धिबळात हुशार.
इथे लुपे. हिला नाटकात घेतलं होतं, एक आठवडा.
इथे एक, ट्युबा वाजवतो."
थोडं अंतर गेलं.
"वाजवायचा."

एवढी नीट हजेरी
मी कुठल्याच सभेत ऐकली नव्हती.
अकरावी पेटी तिची. उतरली, थँक्यू म्हणाली,
पेन तिच्याकडेच राहिलं.

परतताना मी गाडीतलं घड्याळ पाहिलं:
जाऊन येऊन बावन्न मिनिटं.
सप्टेंबरच्या कागदांत हा आकडा कुठल्या रकान्यात घालायचा,
अजून सुचलेलं नाही.
रेघ तेवढी आखायची राहू दिलीय.