सोळा पानं

खाकी शर्टाचा खिसा साडेचार इंची.
त्यात मावेल ते पुस्तक माझं,
न मावेल ते वाचनालयाचं.
उद्यमनगरात लेथवर उभ्यानं ठरवलं हे,
व्हर्नियर हातातच होता.

लक्ष्मीपुरीत दस्तगीर शिकलगारच्या रद्दीत
पोत्याच्या पार तळाला सापडायची ही चिल्लीपिल्ली.
कागद जुन्या गुळाच्या रंगाचा,
राजे, समुद्र, शाप, द्वंद्वयुद्धं,
सगळं मुंगीएवढ्या टायपात.
किंमत बारा आणे, त्यावर शिक्का दीड रुपया.
दस्तगीर दोन्ही मानायचा नाही.
"अभिजात असू दे न्हाईतर पंचांग,
किलोला किलोच भरतंय गा,"
म्हणत तराजूत टाकायचा,
आणि वर एखादं पातळसं फुकट,
कोथिंबिरीच्या काडीसारखं.

जेवणाच्या सुट्टीत भाकरी डाव्या हातात, पुस्तक उजव्या.
प्रत्येकाच्या कोपऱ्यावर माझा अंगठा उमटलाय,
कटिंग ऑइलचा.
मालन म्हणते, कपाट उघडलं की कारखान्याचा वास येतो.

त्यातल्या एकात, कुठल्याशा थंड मुलखात,
एक बाई गोठलेली नदी ओलांडायला निघते.
पान अठ्ठेचाळीस.
पुढं पुन्हा तेहतीस.
बाइंडरनं तोच फर्मा दोनदा शिवलेला.
पासष्टवर तिचा भाऊ कंदील पुसत बसलाय,
तिचं नावसुद्धा कुणी काढत नाही.

तेवीस वर्षं मीच नेली तिला पलीकडं.
गोठलेली नदी मी पाहिलेली नाही.
पूर उतरल्यावरची पंचगंगा पाहिलीय,
म्हणून चिखलातनं नेली.
शिफ्टला एकदा, कधी दोनदा.
कधी हातात काठी दिली,
कधी सोबतीला कुत्रं.
एकदा, जॉब चकमध्ये फिरत होता तेव्हा,
शिवाजी पुलावरनं सरळ चालत गेली ती,
चप्पल हातात घेऊन.

परवा दस्तगीरचा जब्बार दुकान आवरत होता.
मोबाइलची कव्हरं ठेवणार म्हणे आता.
"काका, ह्ये तुमच्या मापाचं."
तीच कादंबरी. कडा कापायच्या राहून गेलेल्या.
इतकी वर्षं कुणी आत गेलंच नव्हतं.
पैसे घेईना.
मी काट्यावर ठेवायला लावली.
पंच्याऐंशी ग्रॅम.

रात्री हॅक्सॉच्या पात्याची सुरी काढली,
एकेक घडी चिरत गेलो.

ती नदीपर्यंत जातच नाही.
वाटेत एका घरी पाव मागते,
चुलीपाशी झोपते,
सकाळी बूट वाळलेत का बघते
आणि माघारी फिरते.
लिहिणारा थोर होता,
त्याला ठाऊक असणार.

मालननं विचारलं, काय झालं?
म्हटलं, काही नाही. आली परत.
कोण?
मी दिवा घालवला.

आता दोन्ही एकाच खिशात ठेवतो.
शिवण उसवायला आलीय.
चुकीचं पुस्तक छातीकडच्या बाजूला.