नाव ठेवणे

स्टोकमध्ये बशी आधी उलटी करून बघतात, मग जेवतात.
कुणाच्या घरी, खानावळीत, लग्नाच्या टेबलावरसुद्धा.
तळाशी कुठल्या कारखान्याचा शिक्का आहे
हे कळल्याशिवाय घास उतरत नाही.

डोरीन होल्डक्रॉफ्टनं पहिल्याच दिवशी मला ते शिकवलं.
वय एक्क्याऐंशी. बर्सलेमच्या चढावरचं घर.
ओटकेक वाढले, आपल्या घावनाचे
कुणीच न सांगितलेले चुलतभाऊ,
आणि रिकामी बशी माझ्या हातात उपडी दिली.
शिक्क्याशेजारी, निळ्या रंगात, मुगाएवढी खूण:
चंद्रकोर आणि तिच्या कुशीत टिंब.
मला वाटलं, अक्षर निसटून गेलेला चंद्रबिंदू.
"ही मी, डक," ती म्हणाली.
इथे डक म्हणजे बदक नव्हे, बाळ.
नगावर मजुरी, म्हणून प्रत्येक रंगारणीची खूण निराळी.
मालकाला तो हिशेब होता.
तिला सही.

मी संमतीपत्र पुढे केलं. सहा पानं.
नैतिकता समितीनं चारदा परत पाठवलेलं,
त्यातलं एकदा नुसतं समासासाठी.
परिच्छेद अकरा: आपलं नाव बदललं जाईल.
"का? मी काय चोरी केलीय?"

मग दोन तास चाळीस मिनिटं ती बोलली.
बहीण बेरिल, कच्च्या बश्यांच्या कडा घासायची,
घरी यायची ती पीठगिरणीतून आल्यासारखी पांढरी.
तपासनीस येणार त्या दिवशी पंखे सुरू,
त्याची गाडी वळली की बंद.
बटण कुणाच्या हातात, तेही सांगितलं. तीनदा. आडनावासकट.
त्याचा मुलगा खाली तिसऱ्या घरात राहतो,
दर गुरुवारी डोरीनची औषधं आणून देतो.
"तेही लिही," ती म्हणाली,
"पोरगा भला आहे."

आता सांगा.
तिचं नाव छापलं तर गल्ली कळते,
गल्ली कळली तर तिसरं घर कळतं.
नाही छापलं
तर तीस वर्षं बश्यांच्या पाठीवर लिहिलेली बाई
माझ्या एका तळटीपेत पुसली जाते.
प्रोफेसर व्हिटकर म्हणाले, उतारा सोनं आहे,
नाव काढून टाक.
माझा करार एकतीस ऑगस्टला संपत होता,
व्हिसा त्याच्या मागोमाग,
आणि हॅन्लेतल्या खोलीचा हीटर नाण्यांवर चालत होता.
तत्त्वं मलाही आहेत. ती थंडीत जरा आखडतात.

आमच्या भाषेत नाव ठेवणं म्हणजे बारसं,
आणि नाव ठेवणं म्हणजे खोड काढणं.
मी दोन्ही एकाच दुपारी केलं.
तिला मार्जरी म्हटलं.
बेरिलला काहीच म्हटलं नाही, एक नातेवाईक.
पंख्याचं बटण कर्मवाच्यात लिहिलं:
पंखे बंद केले जात.
कर्मवाच्य ही फार सोयीची खोली आहे.
आत गेलं की कर्ता दिसत नाही.

लेख छापून आला. मी प्रत पाठवली.
आठवड्यानं तिचा फोन. पलीकडे किटलीची शिट्टी.
"छान आहे गं. पण ही मार्जरी कोण?"
मी समजावलं. ती ऐकून घेत होती,
पैशाला कमी पडणाऱ्या मालकाचं ऐकावं तसं.
"तुझं नाव मात्र आहे वर," ती म्हणाली. "ठळक."

प्रत तिनं परत धाडली.
मजकुरावर कुठे रेघ नाही.
शेवटचं पान उलटलं,
तर कोऱ्या पाठीवर, उजवीकडे खाली,
निळ्या बॉलपेननं, थरथरत्या हातानं:
चंद्रकोर, आणि थोडं बाहेर सांडलेलं टिंब.

नियमानुसार आता ते पान ओळख उघड करणारा पुरावा आहे.
नियमानुसार ते यंत्रात घालून बारीक चिंध्या करायच्या.
करार सहा महिन्यांनी वाढला.
नव्या अर्जात विचारलंय:
सर्व ओळखखुणा नष्ट केल्या का?
होय. नाही.
कर्सर मघापासून
दोन चौकोनांच्या मधे.