परत येतं ते

लिएपायाच्या वृद्धाश्रमात बासष्ट माणसं जेवतात.
त्यांच्यासाठी मी सतरा वर्षं रांधते आहे.
दर डिसेंबरात इल्ग्वार्स साहेब मला वर बोलावतात.
खिडकीबाहेर करडा समुद्र, टेबलावर कागद,
कागदावर पाच चौकोन,
पाचही चौकोनांत बरोबरची खूण.
"छान चाललंय, रास्मा. असंच चालू दे."
असंच म्हणजे कसं, विचारलं
तर ते घड्याळाकडे बघतात.

सतरा वर्षांत एकही वाक्य मिळालं नाही
जे मी खाली चुलीपाशी नेऊ शकेन.

जेवणाऱ्यांना विचारावं, तर ती भली माणसं,
उपासमार पाहिलेली,
बटाट्याची सालंही न टाकणारी.
वेल्टाबाई तर माझा हात हातात घेतात,
"किती गं करतेस आमच्यासाठी!"
हे उत्तर नव्हे. ही माया.
मायेत मीठ किती, ते कळत नाही.

म्हणून नोव्हेंबरातल्या एका रात्री
भांड्यांच्या खोलीत, वाफेत उभ्या ओल्गर्त्सला विचारलं.
नऊ वर्षं तो तिथेच. अन्न त्याला कधी दिसत नाही,
दिसतं ते फक्त उरलेलं.
"माझं काम कसं आहे?"

त्यानं नळ बंद केला.
नळ बंद करून कुणी बोलतं
तेव्हा तोंडदेखलं काही येणार नसतं.

"खरं सांगू?
सप्टेंबरापासून ग्लास वाढलेत.
आधी माणशी एक होता. आता दोन, काहींचे तीन.
रॅक पुरेनात, म्हणून मोजले.
उकडलेले बटाटे परत येत नाहीत.
वाटाणे अर्धे येतात.
सूप येतं, त्यात चमचा तसाच.
पाव मात्र संपतो, सुपाच्या दिवशी जास्तच."
आणि मग, हात पुसत,
"तुझा हात खारट झालाय, रास्मा."

सप्टेंबरात मला ताप आला होता.
ताप गेला.
जाताना काय घेऊन गेला
ते मी कुणाला सांगितलं नव्हतं,
मलासुद्धा नाही.
कॉफी गरम लागायची, एवढंच.

मी ओरडले त्याच्यावर.
"तू भांडी घास," म्हणाले.
दोन दिवस बोलले नाही.
दोन दिवस तो ग्लास धूत राहिला
अजिबात आवाज न करता.
ते जास्त लागलं.

तिसऱ्या दिवशी, अकरा वाजता,
ओगराळं भरून त्याच्यापुढे धरलं.
फुंकर मारली, प्यायला, डोळे मिटले.
"बटाटे घाल अजून. आणि उद्यापासून
तुझी मूठ अर्धी."

मिठाला जागणं म्हणतात ते हेच असावं:
खारट आहे, असं सांगणं.

त्या शुक्रवारी त्यानं फरशीवर खडूनं आकडा लिहिला: १०९.
सोमवारी ८८. मग ७१.
माझी जीभ अजून परतलेली नाही.
तोवर त्याची उसनी घेते, रोज अकरा वाजता,
आणि तो ती देताना हातचं राखत नाही.

परवा साहेबांनी पुन्हा पाच खुणा केल्या.
खाली आले. फरशीवर ६४.
"हे वरचे दोन कोण?"
"ते दोघं तहानलेलेच असतात," ओल्गर्त्स म्हणाला.
मग जरा थांबून,
"शेपूबद्दल विचारणार असशील
तर नळ बंद करतो."