चांगुलपणाची वही

पंचायत समितीतून पत्र आलं:
पोरांना दया शिकवा, नोंद ठेवा,
महिन्याअखेर तक्ता भरून पाठवा.
चौथीच्या वर्गात मी अठरा वह्या वाटल्या,
फळ्यावर रकाने आखून दिले.
तारीख. केलेलं चांगलं काम. पालकाची सही.

पहिल्याच शनिवारी सतरा पोरांनी
आंधळ्या आजोबांना रस्ता ओलांडून दिला.
आमच्या कवठाखेडात रस्ता एकच,
त्यावर दिवसातून दोनदा एसटी,
आणि डोळ्यांनी अधू माणूसही एकच, डोमाजीबुवा.
सोमवारी तो काठी आपटत फाटकाशी आला.
"गुरुजी, मी ओट्यावर ऊन खात बसलो होतो जी.
तुमचे पोट्टे येते, हात धरते, पल्याड नेऊन सोडते.
दुसरे येते, पुन्हा अल्याड आणते.
शेवटच्यानं तिकडंच ठेवलं.
मंग मले जेवाले घरी कोन नेईन?"

पोरं हसली. मीही हसलो.
मग घसा खाकरून सांगितलं,
आधी विचारायचं असतं, बुवा, तुम्हाला जायचं आहे का कुठं?
हे वाक्य पोरांनी वहीत उतरवून घेतलं,
चांगलं काम म्हणून.

पुढं वह्यांमध्ये मुंग्यांची साखर वाढत गेली.
एक चिमणी तिघांनी वाचवली,
तिन्ही वेळा उजवाच पंख मोडलेली.
सगळ्यांना मी बरोबरची खूण दिली.

अंशिका टेकामची वही तेवढी कोरी.
रोजची तारीख, मधे काही नाही,
आणि कडेला आईची सही, रोजची, वळणदार,
जणू त्या माउलीनं कोरी जागा वाचून मगच केलेली.
"काहीच नाही केलंस? महिनाभरात?"
पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत म्हणाली, "नाही जी."
मी लाल शाईनं लिहिलं: प्रयत्न कर.

दुपारी गंज घासता घासता
कौतिकाबाई माझ्याकडं न बघता बोलली,
"त्या टेकामाच्या पोरीले कायले रागावलात?
ते रोज शेवटी जेवते. पायलं का तुमी कधी?"
नव्हतं पाहिलं.
जेवणाच्या सुटीत मी मोबाइलवर
जेवणाऱ्यांचा आकडा भरत असतो.

दुसऱ्या दिवशी पाहिलं.
प्रणय राऊतच्या टाळूला जन्मापासून फट.
घाई केली की भात नाकातून येतो,
म्हणून भिंतीकडं तोंड करून खातो, घासाघासाला थांबत.
बाकीची पोरं ताटं धुऊन केव्हाच बोरीखाली.
पूर्वी सगळे उठले की हाही उठायचा,
अर्धी खिचडी कुत्र्यापुढं टाकून.
आता त्याच्या पाठीला जवळजवळ पाठ लावून
ती बसलेली. बोलणं नाही, बघणं नाही.
ताटातली मटकी एकेक वेचून खाते,
एखादा दाणा इकडून तिकडं सरकवून ठेवते,
आणि त्याचं ताट वाजलं, रिकामं,
की हिचा शेवटचा घास.

"एवढी हळू का जेवतेस गं?"
"खिचडी गरम लागते जी."
खिचडीवर साय धरली होती.

वही काढली. पेन उघडला.
लिहिलं, वर्गात वाचून दाखवलं,
तर उद्या सतरा पोरं हळू जेवतील,
आणि प्रणयला डोमाजीबुवासारखं
धरून धरून पल्याड नेतील.
पेन मिटला.
लाल शेरा ब्लेडनं खरवडायला गेलो,
तर कागदच फाटला. तिथं पलीकडचं पान दिसतं,
तेही कोरं.

तक्ता पाठवला. टेकाम, अंशिका: निरंक.
साहेबांचा फोन आला तर काय सांगू, ते अजून ठरलेलं नाही.

आता सुटीत मोबाइल कपाटात ठेवतो.
त्या दोघांपासून जरा लांब,
पाठमोरा, ताट घेऊन बसतो.
मी भराभर गिळणारा माणूस, सवय जाता जात नाही,
चार घास झाले की हात आपोआप पळतो,
मग त्याला थांबवतो.
कौतिकाबाई खिचडीत जिरं घालते,
हे मला बावीस वर्षांच्या नोकरीत
परवा कळलं.