वीस मिनिटांचा भात

रात्रपाळी आठला. आत्ता सात वाजून दहा.
जालन्यात नळ न येण्याचा आज नववा दिवस.
ड्रमच्या तळाशी मग आपटून जो आवाज येतो
त्यावरून ठरतं
आज किती भांडी खरकटी करायची.
एक.

एकच पातेलं, बाजी, एकच, वीस मिनिटं,
मुदस्सिर सांगतोय फोनमधून.
नाझनीनचा धाकटा, उदगीरचा,
सहा वर्षं झाली, सान अँटोनियोत
कुणाच्या तरी हॉटेलात कांदे चिरतो.
पहिले खिमा परत. कोरडाच. तेल नको,
बीफ आपलंच तेल सोडतं,
त्या एका शब्दावर नाझनीनच्या अंगठ्यानं
आवाज कमी केला.
जिऱ्यापाशी आल्यावर पुन्हा वाढवला.

मी काही बोलले नाही.
आमच्याकडं मंठ्याला त्याला मोठ्याचं म्हणत.
आईच्या तोंडून मोठ्याचं हा शब्द
सगळ्यात लहान आवाजात यायचा.
छपरावर चान्या वाळत असायच्या,
शाळेतली कुणी आली की मी सांगायची,
सांडगे आहेत.

हेल्याचं आहे, नाझनीन म्हणते, मी विचारलेलं नसताना.
दुकानात परवाना लावलाय काचेच्या चौकटीत,
आपल्या नर्सिंगच्या सर्टिफिकेटला नाही तसली चौकट.

खिमा गुलाबीचा राखी होतो, मग तपकिरी,
गुठळ्या मी उलथन्यानं फोडत राहते.
कांदा. लसूण वाटीच्या बुडानं ठेचलेला.
तो म्हणतो धुरावलेली मिरची,
आम्ही भोकरदनची चिमट्यात धरून गॅसवर धरली
आणि दोघी खोकत खिडकीशी.
तो म्हणतो डब्यातला राजमा.
त्याचा डबा पत्र्याचा, आमचा मेसचा, सकाळचा,
दोन डाव उरलेला.
टोमॅटो एकच निघाला, मऊ पडलेला,
म्हणून भजीवाल्याकडच्या केचपच्या सहा पुड्या
दातानं फाडून.
तांदूळ एका पाण्यानं धुतले,
ते पाणी पुदिन्याला.

आणि चीज.
चौकातल्या मेडिकलमधून आणलेले चार तुकडे,
तिथं ते फ्रीजमध्ये इन्सुलिनच्या खालच्या कप्प्यात असतात.
झाकण उघडायचं नाही, मुदस्सिर बजावतो,
आतल्या आत वितळू दे.

तेवढ्यात दार.
काय शिजवायल्यात गं पोरीहो?
सोनटक्केकाकू, हातात टँकरच्या पैशांची वही.
आम्ही दोघी एकदमच बोललो,
मी पुलाव, ती अमेरिकेचं.
काकूंनी वहीवरून आमच्याकडं बघितलं,
मग पातेल्याकडं.
झाकण थरथरत होतं,
कडेनं एक बुडबुडा आला, फुटला.
जिरं चांगलं भाजलंय, काकू म्हणाल्या.
दोनशे रुपये घेतले, सही घेतली.
जिन्यात त्यांच्या चपला एकदा थांबल्या.
आम्ही मोजत होतो.
मग उतरल्या.

सात चाळीस.
झाकण काढलं तर चीज कुठंच दिसेना,
चमचा घातल्यावर कळलं ते सगळीकडं आहे.
पातेल्यापासून ताटलीपर्यंत तार,
ताटलीपासून नाझनीनच्या हनुवटीपर्यंत,
ती मान मागं नेत गेली, मागं, भिंतीला टेकली,
तार तुटेना,
तोंड भरलेलं असताना हसणं नाकातून आलं
आणि तेच तिनं रेकॉर्ड करून पाठवलं.

तिकडं सकाळ. तो कामावर निघाला असणार.
चीज कोणतं वापरलं? त्याचं उत्तर आलं.
मेडिकलचं.
मग बराच वेळ टायपिंग, टायपिंग,
आणि शेवटी एवढंच:
अम्मीला करून घाल ना एकदा.
नाझनीननं फोन पालथा ठेवला.

बुडाला खरवड धरली होती, लालसर, थोडी करपलेली.
ती आम्ही आधी हळूच काढली, आवाज न करता.
नंतर करून.

बूट. मोजे कुठं गेले.
पातेलं उद्या, नळ आला तर.