अर्धी गोळी

कुकरची पहिली शिट्टी झाली की हा पलंगाखाली.
रद्दीवाल्याची हाक, फुगा, उघडती छत्री,
वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवली तरी
पलंगाखाली.
आणि नाव फुटाणा.
नाव विश्रामने ठेवलं. विनोद त्याचे असतात,
मागची फरशी मी पुसते.

गाडीही विश्रामनेच केली.
भंगारात निघालेली शाळेची मिनीबस,
तीन वर्षं माझगावच्या गल्लीत, रविवार-रविवार,
सीटा काढून फळ्या, फळ्यांवर गादी,
एक शेगडी, एक खिडकी जी उघडते, एक जी उघडत नाही.
मागच्या काचेवर अजून पुसट अक्षरं: सावकाश, मुलं आहेत.
आम्हांला नाहीत.
कुणी विचारलं तर तो फुटाण्याकडे बोट दाखवतो.

"चार दिवस. किहीम, आक्षी, जिथे सावली तिथे मुक्काम.
रो-रोने जाऊ, तासाभरात पलीकडे."
डॉक्टर दस्तुरांनी अर्धी गोळी दिली, निघण्याआधी द्यायची.
पेढ्यात घालून दिली. पेढा गेला.
गोळी चाटूनपुसून स्वच्छ, माझ्या चपलेवर.
तीच मग कलेजीत. कलेजी गेली,
गोळीचा पत्ता नाही.
आम्ही समजलो, लागू पडणार.

भाऊचा धक्का.
बर्फाच्या लाद्या फुटत होत्या, टोपल्यांवरून भांडणं,
हवेला असा वास की कुठल्याही कुत्र्याला स्वर्ग वाटावा.
ह्याने माझ्या काखेत नाक खुपसलं
आणि जगाला सुट्टी दिली.

बोटीची लोखंडी फळी. पुढची चाकं चढली, धडाम.
मागची चढली, धडाम.
त्याच्या अंगातली थरथर
माझ्या बांगड्यांत वाजली.

शिट्टीवाला पोरगा म्हणाला, मावशी, गाडीत नाही बसायचं,
सगळे वर. कुत्रा पट्ट्यात.
जिना जाळीचा, आरपार दिसणारा.
पहिल्या पायरीवर फुटाणा टेबल झाला, चारी पाय ताठ.
अठरा किलो. उचलला.
मागे रांग तुंबली, कुणी म्हणालं अय्या, कुणी म्हणालं आटपा,
आणि एका बाईने काही न बोलता माझी पर्स धरली.
तिचं नाव विचारायचं राहिलं.

भोंगा झाला.
इंजिनाच्या हादऱ्याने खालच्या महागड्या गाड्या
एकेक करून रडायला लागल्या.
आमची मिनीबस तेवढी गप्प, तिला हॉर्नच जेमतेम.
मी फुटाण्याचे कान दाबून धरले
आणि विश्रामकडे बघितलं.

एकतीस वर्षं गोदीत वेल्डर.
जहाजांची पोटं शिवली ह्या माणसाने,
दंडावर ठिणग्यांचे तीळ आहेत.
जहाज पाण्यात सुटलं की टाळ्या वाजवायचा,
नारळाची कवड खिशात घालून घरी यायचा.
बसला कधीच नव्हता.
आत्ता डोळे मिटून, बाकाखाली हात घालून
सांधा चाचपत होता,
कुणी जोडलाय, कसा जोडलाय.
"पोहता येत नाही मला," म्हणाला.
लग्नाला सत्तावीस वर्षं, आणि हे मला
धक्का वीतभर झाल्यावर सांगतो.

तेवढ्यात पट्टा ताणला गेला.
पोट फरशीला घासत, शेपूट आत घालून
फुटाणा त्याच्या पायांमध्ये शिरला,
पलंगाखाली शिरतो तसाच.
तिथे बसून कापत राहिला.
विश्रामने डोळे न उघडता त्याच्या मानेवर हात ठेवला.
तोही कापत होता, जरा वेगळ्या वेगाने.
जवाहर द्वीपाच्या टाक्या मागे पडेपर्यंत
एकाचं थांबलं, मग दुसऱ्याचं.
आधी कुणाचं, मला सांगता येणार नाही.
मी पाण्याकडे बघत होते,
बऱ्याच दिवसांनी, दोन्ही हात मोकळे.

मांडव्याला पुन्हा धडाम, धडाम.

संध्याकाळी सुरूच्या बनात गादी झटकली
तर गोळी खाली पडली, कलेजीतली.
विश्रामने तिच्यावरचा केस फुंकला,
कागदात गुंडाळून खिशात ठेवली.
"असू दे. परतीला लागेल."
कुणाला, ते मी विचारलं नाही.